गुलामगिरी संपली, मग जमीन कुणाची? अमेरिकी पुनर्रचनेचा हिशोब (१८६५–१८७७)

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, तीन घटनादुरुस्त्या झाल्या, दक्षिणेत सैन्य तळ ठोकून होतं, काळ्या पुरुषांना मतही मिळालं. तरीही ‘पुनर्रचना’ म्हणतात त्या बारा वर्षांत सगळं उलटं कसं फिरलं? आणि ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हे खरोखर सरकारी वचन होतं का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

१२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जनरल विल्यम शर्मन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी २० काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझर, वय ६७. आठ वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, त्यांनी स्वतःची आणि बायकोची किंमत म्हणून १,००० डॉलर सोन्याचांदीत मोजले होते आणि मालकाकडून सुटका करून घेतली होती. आता सुटलेल्या लोकांना पायावर उभं राहायला काय लागेल, या प्रश्नाला त्यांचं उत्तर सरळ होतं: जमीन द्या, आम्ही ती आमच्या कष्टाने कसू. चार दिवसांनी शर्मनचा विशेष आदेश क्रमांक १५ निघाला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडची बेटं, समुद्रापासून ३० मैल आतपर्यंतची नदीकाठची, मालक सोडून गेलेली भातखाचरं आणि फ्लॉरिडातल्या सेंट जॉन्स नदीलगतचा पट्टा मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवला गेला. प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर. खेचराचा उल्लेख आदेशात नाही. सैन्याकडची जादा खेचरं नंतर वापरायला दिली गेली, त्यातून ती जोडी लोकांच्या तोंडी बसली. जून १८६५ पर्यंत सुमारे ४०,००० माणसं सुमारे ४ लाख एकरांवर वसली होती.

आता आदेशातली बारीक अक्षरं बघा. लोकांना मिळाला तो ताबा, मालकी नाही. पक्का हक्क पुढे राष्ट्राध्यक्ष किंवा काँग्रेस (अमेरिकेची संसद) ठरवणार होते. त्याच वर्षी ३ मार्चला झालेल्या फ्रीडमेन्स ब्युरोच्या, म्हणजे मुक्त लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याच्या, कायद्यातही असंच होतं: सोडलेल्या किंवा जप्त जमिनीतले ४० एकर तीन वर्षं भाड्याने, भाडं जमिनीच्या मूल्याच्या ६ टक्क्यांपर्यंत, आणि नंतर विकत घेण्याची मुभा. पण ‘सरकारला जो काही हक्क देता येईल तेवढाच’ हक्क मिळेल, अशा अर्थाची शब्दरचना कायद्यात होती. म्हणजे वचन होतं, लेखी होतं, पण त्याच्या खालचा सातबारा कोरा होता.

एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. २९ मे १८६५ ला त्यांनी माफीनामा काढला. एकनिष्ठेची शपथ घ्या, माफी मिळेल आणि गुलाम सोडून बाकीची मालमत्ताही परत मिळेल. २०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असणाऱ्या बड्यांना मात्र राष्ट्राध्यक्षांकडे वैयक्तिक अर्ज करावा लागणार होता. ही अट जमीनदारवर्गाला मोडणार असं अनेकांना वाटलं. झालं उलटं: पुढच्या वर्षापर्यंत अशा ७,००० हून जास्त बड्यांना माफी मिळून गेली, आणि माफीसोबत जमीनही.

ब्युरोचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांनी जुलैमध्ये परिपत्रक क्रमांक १३ काढून जमीन राखायचा प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये जॉन्सन यांनी ते मागे घ्यायला लावून परिपत्रक क्रमांक १५ काढायला लावलं. ऑक्टोबरमध्ये हॉवर्ड स्वतः साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर गेले आणि तिथल्या लोकांना सांगितलं की जमीन जुन्या मालकाला परत द्यावी लागेल, मनातला राग काढून टाका आणि मजुरीचा करार करा. बेटावरच्या समितीने त्यांना लिहिलेलं पत्र आजही वाचता येतं. त्याचा आशय असा: तुमचा फक्त उजवा हात युद्धात गेला, तुम्ही माफ करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला मारलं, आणि आजही त्याच्याच भावात त्याचंच शेत कसल्याशिवाय जो मला त्याच्या रिकाम्या झोपडीत राहू देत नाही, त्याला मी कसं माफ करू?

या एका निर्णयाचा दुसरा परिणाम सहसा सांगितला जात नाही. पहिल्या वर्षी ब्युरोला काँग्रेसने स्वतंत्र निधीच दिला नव्हता. सोडलेल्या जमिनींचं भाडं हेच त्याचं मुख्य उत्पन्न. ब्युरोच्या ताब्यात सुमारे साडेआठ लाख एकर होते. ते परत गेले तसा ब्युरोचा खर्चही सुकत गेला. जुलै १८६६ मध्ये काँग्रेसने सुमारे ७० लाख डॉलर मंजूर केले, जॉन्सन यांचा नकाराधिकार ओलांडून ब्युरोची मुदत वाढवली. पण तोवर जमिनीचा प्रश्न हातातून गेला होता. त्या कायद्याने शर्मन पट्ट्यातून उठवलेल्या कुटुंबांना साउथ कॅरोलायनात करथकबाकीत सरकारजमा झालेल्या जमिनीतले २० एकर, दीड डॉलर एकरी भावाने घेता येत होते. चाळीसचे वीस झाले, आणि तेही विकत.

त्याच उन्हाळ्यात दक्षिणेतल्या पाच राज्यांतली सरकारी पडीक जमीन खुली करणारा होमस्टेड कायदा झाला. सुरुवातीला कुटुंबामागे ८० एकर. कागदावर उत्तम. पण उरलेली जमीन बहुतेक पाणथळ, रेताड किंवा घनदाट पाइनची. झाडं तोडायला, नांगर-बैल घ्यायला आणि पहिलं पीक येईपर्यंत वर्षभर पोट भरायला पैसा लागतो. १८६६ च्या मध्यावर बहुतेक मुक्त मजूर आधीच डिसेंबरपर्यंतच्या कराराने बांधलेले होते. नुसती जमीन देणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे धरणग्रस्तांच्या वसाहती पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता मजुरीकडे. १९ जून १८६५ रोजी टेक्ससमध्ये मुक्ती जाहीर करणारा जो आदेश वाचला गेला, त्यातच मुक्त लोकांना सल्ला होता की आहात तिथेच शांतपणे राहा आणि मजुरीवर काम करा. उत्तरेच्या अधिकाऱ्यांची कल्पना अशी की करार झाला, मजुरी ठरली, म्हणजे माणूस स्वतंत्र. मुक्त झालेल्यांची कल्पना वेगळी होती. त्यांना मुकादमाच्या नजरेखाली टोळीने राबायचं नव्हतं. बायकांनी आणि मुलांनी शेतावर किती जायचं ते घराने ठरवायचं होतं. आणि विकलेली नाती शोधायची होती. चर्चच्या वर्तमानपत्रांतून हरवलेल्या आईच्या, मुलांच्या शोधाच्या जाहिराती पुढची कित्येक वर्षं छापल्या जात राहिल्या. लोक मैलोन्‌मैल पायी हिंडत होते, त्याला मालकांनी ‘भटकेपणा’ म्हटलं, आणि लगेच कायदाही केला.

हे ‘ब्लॅक कोड’ नीट वाचावेत, कारण गुलामगिरी हा शब्द न वापरता ती परत कशी आणता येते याचा तो नमुना आहे. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये ठरवलं की दर जानेवारीत प्रत्येक काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा हवा. वर्ष संपायच्या आत काम सोडलं तर आधीची मजुरी बुडाली. गावाबाहेर शेतजमीन भाड्याने घ्यायला बंदी. भटकेपणाचा दंड ५० डॉलरपर्यंत, आणि तो पाच दिवसांत भरला नाही तर जो कोणी भरेल त्याच्याकडे माणूस कामाला लावायचा. जुन्या मालकाला पहिला मान. अनाथ किंवा गरीब ठरवलेली मुलं ‘उमेदवारी’च्या नावाखाली बांधली जात, तिथेही जुन्या मालकाला पसंती. साउथ कॅरोलायनात शेती किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर परवाना आणि कर, दुकानदाराला वर्षाला १०० डॉलरपर्यंत. डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीचं काम चालेल, अशी फट ठेवली. तीच फट पुढे कैदी भाड्याने देण्याच्या पद्धतीत राजरस्ता झाली.

ब्युरोचे एजंट याच्याशी लढत होते का? होते, पण संख्या बघा. संपूर्ण दक्षिणेत एका वेळी ९०० पेक्षा जास्त एजंट कधीच नव्हते. १८६६ मध्ये मिसिसिपीसारख्या राज्यात जेमतेम डझनभर. एकेका माणसाकडे हजारो कुटुंबांचे करार तपासणं, तक्रारी ऐकणं, शिधा वाटणं, लग्नं नोंदवणं, शाळांना इमारत शोधणं ही सगळी कामं. सैन्यही ओसरत होतं: युद्ध संपताना दहा लाख, १८६५ च्या अखेरीस सुमारे दीड लाख, १८६६ च्या शरद ऋतूपर्यंत ३८,०००, आणि त्यातलेही बरेच टेक्ससच्या सरहद्दीवर. ‘लष्करी अंमल’ हा शब्द ऐकून गावोगावी शिपाई उभा असल्याचं जे चित्र डोळ्यापुढे येतं, ते चुकीचं आहे.

काँग्रेसने १८६६ ते १८७० मध्ये केलेली घटनात्मक बांधणी मात्र भक्कम होती. एप्रिल १८६६ चा नागरी हक्क कायदा, जुलै १८६८ मध्ये मंजूर झालेली चौदावी दुरुस्ती, फेब्रुवारी १८७० मध्ये पंधरावी. चौदावीतलं पहिलं कलम सगळे जाणतात: जन्माने नागरिकत्व, कायद्याचं समान संरक्षण. मला तिचं चौथं कलम तितकंच मोलाचं वाटतं. बंडखोर राज्यांची युद्धकर्जं रद्द, आणि सुटलेल्या गुलामांबद्दल मालकांना भरपाई मागण्याचा हक्क कायमचा बंद. ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतल्या मालकांना २ कोटी पौंड मोजले होते, आणि खुद्द वॉशिंग्टन शहरात १८६२ मध्ये माणसामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली गेली होती. १८६० मध्ये सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती; त्यांची ‘बाजारभावाने’ भरपाई द्यावी लागली असती तर राष्ट्राची तिजोरी कित्येक वर्षं मालकांची देणेकरी झाली असती. हे दार बंद केलं. गुलामांना भरपाई देण्याचं दार मात्र उघडलंच नाही.

मार्च १८६७ च्या पुनर्रचना कायद्यांनी टेनेसी सोडून दहा राज्यं पाच लष्करी विभागांत घातली. अटी स्पष्ट होत्या: काळ्या पुरुषांसह मतदारयादी करा, घटनासमिती निवडा, नवी राज्यघटना करा, चौदावी दुरुस्ती मान्य करा, मग काँग्रेसमध्ये बसा. नोंदणी मंडळं परगण्यापरगण्यात फिरली आणि सुमारे ७,३५,००० काळे आणि ६,३५,००० गोरे मतदार नोंदले गेले. दोन वर्षांपूर्वी ज्यांची साक्ष कोर्टात गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती ते लोक घटना लिहायला बसले. साउथ कॅरोलायनाच्या १८६८ च्या घटनासमितीत १२४ पैकी ७६ प्रतिनिधी काळे होते. १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स सिनेटमध्ये बसले; साउथ कॅरोलायनाचे जोसेफ रेनी प्रतिनिधीगृहात. पुढच्या काही वर्षांत एकूण १६ काळे सदस्य काँग्रेसमध्ये पोचले, आणि शेरीफ, न्यायपंच, शाळा-समिती सदस्य अशा स्थानिक पदांवर शेकड्याने. ही स्थानिक पदंच जास्त महत्त्वाची होती. शेरीफ आपला असेल तर कराराचा दावा दाखल होतो. ज्युरीत आपली माणसं असतील तर निकाल लागतो.

या सरकारांचं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे सरकारी शाळा. त्याआधी दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गोऱ्या गरिबांसाठीसुद्धा धड सार्वजनिक शाळा नव्हती. पण शाळेला पैसा लागतो. युद्धापूर्वी महसुलाचा मोठा भाग गुलामांवरच्या डोईपट्टीतून यायचा; ती गेली आणि भार जमिनीवर आला. ज्यांना जमिनीवर नाममात्र कर भरायची सवय, त्या मालकांना दर कित्येक पटींनी चढलेले दिसले. गोरे छोटे शेतकरीही यात चिरडले गेले, आणि जी युती टिकायला हवी होती ती तिथे तुटली. नव्या सरकारांची एक घोडचूक लपवण्यात अर्थ नाही: रेल्वेला दिलेली हमी. अलाबामाने रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना मैलामागे १६,००० डॉलरची हमी दिली. कंपन्या बुडाल्या, कर्ज राज्याच्या गळ्यात, आणि ‘काळ्यांचं भ्रष्ट राज्य’ ही ओरड करायला विरोधकांना आयतं निमित्त मिळालं. लाच घेणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे गोरे पुढारी आणि रेल्वेवाले भरपूर होते, हे मात्र त्या ओरडीत बुडून गेलं.

आता कापसाकडे वळू, कारण खरं अडकणं तिथे झालं.

मालकाकडे जमीन होती, रोकड नव्हती. मजुराकडे हात होते, वर्षभराचं धान्य नव्हतं. सुरुवातीच्या करारांत महिन्याला ८ ते १५ डॉलर मजुरी असे, त्यातली निम्मी वर्षअखेरपर्यंत अडकवून ठेवलेली. नोव्हेंबरात हिशोब करताना बुडालेले दिवस, मोडलेली अवजारं, घेतलेला शिधा वजा होई. लोकांनी टोळीने राबायला नकार दिला, मालकांनी जमीन विकायला नकार दिला. या ओढाताणीतून निघाली ती बटाई. मळ्याचे २०-४० एकरांचे तुकडे, प्रत्येकावर एक कुटुंब. जमीन, घर, खेचर, बी मालकाचं असेल तर पीक अर्धं-अर्धं. खेचर-अवजार स्वतःचं असेल तर मालकाचा वाटा तिसरा किंवा चौथा. बटाई ही वरून लादलेली गुलामी होती असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मुकादम गेला, चाबूक गेला, बाईमाणसाने शेतावर कधी जायचं ते घर ठरवू लागलं. या गोष्टी लोकांनी भांडून मिळवल्या होत्या.

गळफास बसला तो पिकावरच्या बोज्याने. १८६६-६७ पासून राज्याराज्यांत कायदे झाले की उभ्या, किंबहुना अजून न पेरलेल्या पिकावरही उधार देणाऱ्याचा बोजा चढवता येईल. गावातला दुकानदार मार्चपासून पीठ, मांस, गूळ, कापड, खत उधार द्यायचा. रोखीचा एक भाव, उधारीचा दुसरा. एक नमुना हिशोब मांडतो, आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. कुटुंबाने ४५० पौंडी ५ गाठी काढल्या, म्हणजे २,२५० पौंड कापूस. निम्मा वाटा १,१२५ पौंड. १० सेंट भावाने ११२ डॉलर ५० सेंट. दुकानातून उचललेला माल रोखीने ७० डॉलरचा, वहीत मात्र ९०. हातात उरले साडेबावीस. पुढच्या वर्षी भाव ८ सेंटवर आला की वाट्याचे बरोबर ९० डॉलर होतात, आणि हातात शून्य. एखादी गाठ कमी आली, घरात आजारपण निघालं, की बाकी पुढच्या वर्षावर चढली. ७० वर २० जास्त, आणि उधारी सरासरी सहा महिन्यांची. म्हणजे व्याज वर्षाला ५७ टक्क्यांच्या आसपास. त्या काळच्या दक्षिणेत उधारीच्या भावात दडलेलं व्याज साधारण याच पातळीचं असे.

आणि दुकानदार म्हणायचा: कापूसच लाव. मका घरी खाता येतो, कापूस खाता येत नाही, तो विकावाच लागतो. म्हणून बोज्याला कापूसच हवा. सगळ्यांनी कापूस लावला की भाव पडतो, भाव पडला की उधारी वाढते, उधारी वाढली की आणखी कापूस. युद्धानंतर लगेच पौंडाला ४० सेंटच्या घरात असलेला कापूस शतक संपता संपता ६ सेंटखाली गेला. कायदाही धनकोच्या बाजूने सरकत गेला: १८७२ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अर्धेलीने कसणारा हा कूळ नव्हे, मजूर आहे. एका शब्दाच्या फरकाने पिकावरचा त्याचा हक्क गेला. पीक मालकाचं, त्याला फक्त पिकाच्या रूपात मजुरी.

हे वाचताना महाराष्ट्राची आठवण येणं साहजिक आहे, आणि नातं नुसतं साम्याचं नाही, त्याच कापसाचं आहे. युद्धात अमेरिकी कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, दख्खनमध्ये सावकारी पत सैल झाली. १८६५ मध्ये शांतता झाली, भाव कोसळले, मुंबईतले शेअर बुडाले, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १८७५ मध्ये सुप्यात आणि पुणे-नगरच्या गावांत कुळांनी कर्जखतं जाळली. इथे सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाला नुसतं खत न बघता कर्जाचा मागचा सगळा हिशोब उकलायचा अधिकार मिळाला. तो पुरेसा ठरला नाही, पण निदान दिशा ऋणकोकडे होती. दक्षिणेतल्या बटाईदाराला तेवढंही मिळालं नाही. त्याची वही दुकानदाराकडे, आणि त्या वहीबद्दल शंका घेणं म्हणजे जिवावर बेतण्यासारखं.

बचतीचीही तीच गत. मार्च १८६५ मध्ये मुक्त लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. नियम सुरुवातीला चोख होते: पैसा सरकारी रोख्यांतच गुंतवायचा. १८७० मध्ये सनद बदलून स्थावरावर कर्ज द्यायची मुभा घेतली गेली, संचालकांच्या ओळखीच्यांना कर्जं गेली, १८७३ ची मंदी आली. मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं. त्यांनी विश्वासाने स्वतःचे १०,००० डॉलरही घातले. जूनअखेर बँक बंद. ६१,००० हून जास्त ठेवीदार, सुमारे ३० लाख डॉलर. अनेकांना काहीच मिळालं नाही, ज्यांना मिळालं त्यांना सुमारे तीन-पंचमांश. पासबुकावर लिंकनचं चित्र आणि सरकारच्या आश्वासनाचा भास, पण कायद्याने सरकारची हमी एका पैशाचीही नव्हती.

उरला हिंसेचा भाग, आणि इथे माझं मत ठाम आहे: पुनर्रचना आपोआप ढासळली नाही, ती बंदुकीने पाडली गेली. आणि जिथे केंद्राने खरोखर जोर लावला तिथे हिंसा थांबली होती. १८७० मध्ये न्याय विभाग स्थापन झाला, एप्रिल १८७१ मध्ये काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या गुप्त टोळीविरोधी कायदा झाला. ऑक्टोबर १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत बंदी-प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा, हक्क स्थगित केला. सैन्याने शेकडो धरपकडी केल्या, ॲटर्नी जनरल ॲमॉस एकरमन यांनी संघीय कोर्टात, काळ्या ज्युरर्ससह खटले उभे केले, आणि वर्षभरात क्लान मोडला. उपाय माहीत होता, चालतही होता. मग सरकारी वकिलांना माणसं आणि पैसा पुरेनासा झाला, एकरमन यांना पद सोडावं लागलं, आणि अटकेतल्या बहुतेकांवर खटला चाललाच नाही.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी न्यायालयाच्या इमारतीचं रक्षण करणाऱ्या काळ्या लोकांना गोऱ्या सशस्त्र जमावाने वेढलं, इमारत पेटवली, शरण आलेल्यांनाही मारलं. मृतांचा आकडा ६० पासून १५० पर्यंत सांगितला जातो. सुमारे शंभर जणांवर आरोप, नऊ जणांवर खटला, तिघं दोषी. आणि मार्च १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रुकशँक खटल्यात त्यांनाही सोडलं. तर्क असा की चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही; खुनाचा बंदोबस्त राज्याने करावा. राज्य खुन्यांच्या बाजूचं झालं असेल तर काय, याचं उत्तर निकालात नाही. ज्या वर्षी कोलफॅक्स घडलं त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. ज्या लढ्याला त्यांनी वंदन केलं तो खरा होता आणि थोर होता. त्याची फळं त्याच घडीला तिकडे बंदुकीने हिसकावली जात होती.

१८७५ च्या मिसिसिपी निवडणुकीत मुखवटेही राहिले नाहीत. दिवसाउजेडी बंदूकधारी सभा मोडत होते. गव्हर्नर ॲमिस यांनी सैन्य मागितलं. वॉशिंग्टनहून उत्तर गेलं की दरवर्षीच्या या दंगलींना लोक कंटाळले आहेत. याझू परगण्यात रिपब्लिकनांना, म्हणजे लिंकन यांच्या आणि काळ्या मतदारांच्या पक्षाला, मतं पडली ७. यंत्रणेतली एक बारीक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी: मतपत्रिका सरकार छापत नव्हतं, पक्ष छापायचे. कोण कुठल्या पक्षाची चिठ्ठी टाकतो हे पेटीशी उभ्या असलेल्या जमीनमालकाला दिसायचं. गुप्त मतदान आलं ते १८८०-९० च्या दशकांत, आणि आलं तेही दक्षिणेत निरक्षराला गाळायच्या चाळणीसारखं. १८८२ मध्ये साउथ कॅरोलायनाने आठ पदांसाठी आठ वेगळ्या पेट्या ठेवल्या. वाचता न येणाऱ्याची चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद.

१८७६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वादात सापडली, रिपब्लिकन उमेदवार हेज यांना १८५ विरुद्ध १८४ निर्वाचक मतांनी पद मिळालं आणि एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया आणि लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सच्या विधानभवनांपाशी उभे असलेले शिपाई बराकीत परतले. ‘सैन्य मागे घेतलं’ म्हणतात ते एवढंच. मागे घ्यायला फारसं उरलंच नव्हतं. मतदानाचा हक्कही त्या दिवशी गेला नाही. तो मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेपासून मतपट्टी (मत द्यायचं तर भरावा लागणारा कर), साक्षरता-परीक्षा अशा अटींनी काढून घेतला गेला. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये १,३४२.

मग काहीच उरलं नाही का? उरलं, आणि ते मोठं आहे. लग्नं कायदेशीर झाली, मुलं विकली जायची थांबली. हॉवर्ड, फिस्क, हॅम्प्टन ही विद्यालयं १८६६ ते ६८ मधली, आजही चालू आहेत. १८७० च्या जनगणनेत काळ्या लोकांत निरक्षरता सुमारे ८० टक्के होती, १९०० मध्ये ४५ टक्क्यांच्या खाली आली. साउथ कॅरोलायनाने १८६९ मध्ये जमीन आयोग नेमला, जमीन विकत घेऊन हप्त्यांनी दिली आणि हजारो काळी कुटुंबं त्यावर वसली. म्हणजे जमीनवाटप अशक्य होतं हा दावा त्यांनीच खोटा पाडला. आणि १९१० पर्यंत दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांनी, कुणी न देता, एकेक एकर जोडत सुमारे दीड कोटी एकर जमीन स्वतःच्या नावावर केली होती.

तीन दुरुस्त्याही उरल्या. चौदावीतलं ‘कायद्याचं समान संरक्षण’ हे शब्द आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये आहेत. पण क्रुकशँकने दाखवलेलं भोक आपल्याकडे बुजवलेलं आहे: अनुच्छेद १५ चं दुसरं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, पाणवठे यांबाबत खासगी माणसांनाही बांधतं, अनुच्छेद १७ अस्पृश्यता कुठल्याही रूपात गुन्हा ठरवतो, आणि अनुच्छेद ३५ त्यासाठी शिक्षेचा कायदा करायचं काम राज्यांवर न सोडता संसदेकडे देतो. अमेरिकेत मात्र १८७६ चा क्रुकशँक निकाल आणि त्याच तर्कावरचा १८८३ चा निकाल इतके घट्ट बसले की १९६४ मध्ये हॉटेलं-खानावळींतला भेदभाव बंद करायला काँग्रेसला मुख्य आधार घ्यावा लागला तो आंतरराज्य व्यापाराच्या कलमाचा.